पंचगंगेचं पाणी किती घाण झालंय हे कसं मोजतात? बीओडी करायची की सीओडी?

दोन्ही करा. एकच आकडा बघून नदीबद्दल बोलू नये असं माझं ठाम मत आहे. मी कोल्हापुरातच पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं हे रोजचंच आहे.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते. ३०० मिलीची काचेची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, ऑक्सिजन मोजायचा, मग अंधारात इनक्युबेटरला ठेवायची आणि परत मोजायचा, जेवढा कमी झाला ती बीओडी. परदेशात २० डिग्रीला ५ दिवस ठेवतात, आपल्याकडं २७ डिग्रीला ३ दिवस. अंधार का तर शेवाळ उजेडात ऑक्सिजन सोडतं आणि सगळा हिशोब बिघडतो. रंकाळा तलावाचं हिरवं पाणी दुपारी तपासलं तर ऑक्सिजन मस्त दिसेल, तेच पहाटे बघा, रात्रभर शेवाळानंच तो वापरलेला असतो, मासे का मरतात ते तिथं कळतं.

आता गोम अशी की बाटलीत मुळात ऑक्सिजनच असतो ७-८ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि सांडपाण्याची बीओडी दोनशेच्या घरात, डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशची (दारू गाळून उरलेल्या पाण्याची) तर ४०-५० हजार, त्यामुळं पाणी पातळ करून लावावं लागतं आणि अंदाज चुकला की तीन दिवस वाया. आणि पाण्यात विषारी केमिकल असेल तर जिवाणूच मरतात, बीओडी कमी येते आणि घाणेरडं पाणी कागदावर स्वच्छ दिसतं! हे लोकांना माहीतच नसतं.

म्हणून सीओडी, म्हणजे तीच घाण जिवाणूंऐवजी केमिकलनं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये १५० डिग्रीला २ तास उकळायचं, जिवाणू खाऊ शकत नाहीत तेही बहुतेक सगळं जळतं. मग बीओडीला सीओडीनं भागून बघा. ०.५ च्या आसपास किंवा वर असेल तर शेणामुताची, मळीची, साखरेची घाण, जिवाणू संपवतील अशी. ०.३ च्या खाली आलं तर इंडस्ट्रीकडं संशय घ्यायचा. नदीत सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आंघोळीच्या नदीला बीओडी ३ च. टीओसीचं (एकूण सेंद्रिय कार्बनचं) मशीन थेट कार्बन मोजतं, मिनिटांत उत्तर, पण महाग आहे.

खरी चूक मात्र लॅबच्या आधीच होते. कॉलेजात असताना एप्रिलच्या उन्हात सँपल गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलं, वाटेतच जिवाणूंनी निम्मं खाल्लं आणि बीओडी फारच कमी आली, तो दिवस मी विसरलो नाही. बीओडीचं सँपल बर्फात, २४ तासांत लॅबला. सीओडीच्या बाटलीत ॲसिड घालून ठेवा.

ऑक्सिजन तर नदीकाठीच फिक्स करा, म्हणजे केमिकल घालून आहे तेवढाच बांधून ठेवा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातल्यावर तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच बसला तर शून्य. शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली असं दोन ठिकाणी एकाच सकाळी करा, फरक डोळ्यांनी दिसेल. आणि सीओडीत पारा असतो, ते उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका हं, वेगळ्या कॅनमध्ये साठवा, नाहीतर ते गटारातून परत पंचगंगेतच जाणार.