इंग्रजीत ‘ए’ अक्षराने सुरू होणारे उपसर्ग कोणते आणि ते आले कुठून?

तुम्ही विचारलंय की ‘ए’ हा उपसर्ग नकारार्थी असेल, तर ‘अस्लीप’चा अर्थ ‘न झोपलेला’ असा का होत नाही. खरी मेख इथेच आहे. शब्दाच्या तोंडाशी दिसणारा तो ‘ए’ दर वेळी एकच नसतो. वेगवेगळ्या भाषांतले वेगवेगळे उपसर्ग झिजत झिजत त्या एका अक्षरावर आले आहेत.

‘अस्लीप’मधला ‘ए’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘ऑन’. ‘झोपेवर’, म्हणजे झोपेत. त्यातला ‘न’ बोलण्यात गळाला. ‘अलाइव्ह’ही तसाच. आता गंमत बघा, ‘लाइफ’मध्ये ‘फ’ आहे, मग ‘अलाइव्ह’मध्ये ‘व्ह’ कुठून आला? जुन्या इंग्रजीत या शब्दाला शेवटी एक स्वर लागायचा आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘फ’चा उच्चार ‘व्ह’ व्हायचा. पुढे तो स्वर गेला, ‘व्ह’ मात्र राहिला. ‘अकिन’ (नात्यातला, सारखा) मधला ‘ए’ पुन्हा वेगळा, तो ‘चा-ची-चे’ अशा अर्थाच्या ‘ऑफ’चा अवशेष.

नकार देणारा ‘ए’ ग्रीक आहे. ‘अ‍ॅटम’ म्हणजे जो कापता येत नाही तो. पुढे स्वर आला की हाच उपसर्ग ‘अ‍ॅन’ होतो, जसं ‘अ‍ॅनार्की’, ‘अ‍ॅनिमिया’. हा नियम आपल्याला नवा नाही. ‘अज्ञान’ म्हणतो, पण ‘अनंत’ आणि ‘अनिच्छा’ म्हणतो, तो हाच. संस्कृतने ग्रीककडून घेतला नाही की ग्रीकने संस्कृतकडून. दोघींना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला. ‘अनॉनिमस’ आणि ‘अनामिक’ शेजारी ठेवून पाहा. ग्रीकमध्ये नावाला ‘ओनोमा’ म्हणतात, सुरुवात स्वराने, म्हणून ‘अन्’ लागला. आपलं ‘नाम’ व्यंजनाने सुरू होतं, म्हणून नुसता ‘अ’. उपसर्गही तोच आणि नावही तेच! इंग्रजीचा स्वतःचा ‘अन’, जो ‘अनहॅपी’त दिसतो, तोही याच घरातला.

‘दूर’ या अर्थाचा लॅटिन ‘अ‍ॅब’ (‘अ‍ॅब्सेंट’, ‘अ‍ॅबनॉर्मल’), ग्रीक ‘अ‍ॅपो’, आपला ‘अप’ आणि इंग्रजीतला साधा ‘ऑफ’ हेही सगळे सख्खे. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण खगोलशास्त्रातलं आहे. ग्रह सूर्यापासून जास्तीत जास्त दूर असतो त्या बिंदूला इंग्रजीत ‘अ‍ॅफीलिअन’ म्हणतात, म्हणजे ‘अ‍ॅपो’ अधिक ‘हेलिओस’. मराठीत आपण ‘अपसूर्य’ म्हणतो. ‘हेलिओस’ आणि ‘सूर्य’ यांचंही मूळ एकच, त्यामुळे दोन्ही शब्दांचे दोन्ही तुकडे एकमेकांचे भाऊ निघतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं हे नातं इंग्रज भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यातल्या भाषणात मांडलं होतं. हे शब्द असे जोडीने पाहिले की ते मनापासून पटतं.

लॅटिन ‘अ‍ॅड’, म्हणजे ‘कडे’, ओळखायला सगळ्यात अवघड, कारण तो वेष बदलतो. ‘उत्’ अधिक ‘लेख’ म्हणजे ‘उल्लेख’, ‘उत्’ अधिक ‘चार’ म्हणजे ‘उच्चार’, अशी व्यंजनसंधी आपण शाळेत शिकलो. ‘अ‍ॅड’च्या ‘डी’चंही तेच होतं, पुढच्या अक्षरासारखा तो होऊन जातो. ‘अ‍ॅक्सेप्ट’मध्ये दोन ‘सी’, ‘अट्रॅक्ट’मध्ये दोन ‘टी’, ‘अराइव्ह’मध्ये दोन ‘आर’. यातला ‘अराइव्ह’ तर मूळचा नावाड्यांचा शब्द. ‘रिपा’ म्हणजे काठ; काठाला लागणं म्हणजे पोहोचणं.

‘अँटे’ म्हणजे आधी आणि ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पहिला लॅटिन, दुसरा ग्रीक, मुळात दोघांचा अर्थ ‘समोर’. फक्त ‘अँटिसिपेट’ला फसू नका. त्यात ‘आय’ दिसला तरी विरोध नाही, तो ‘आधी’वालाच आहे: आधीच हाती घेणं.

आणि ‘अ‍ॅडव्हान्स’मध्ये ‘अ‍ॅड’ शोधू नका. तो लॅटिन ‘अ‍ॅब’ आणि ‘अँटे’ एकत्र येऊन फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा त्यात ‘डी’ नव्हताच. 16व्या शतकात लोकांना वाटलं, सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे ‘अ‍ॅड’च असणार, आणि त्यांनी ‘डी’ घुसवला. तो अजून तिथेच आहे.