कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय, तरी दिवस राहू शकतात का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांत बायकांच्या ऑपरेशनबद्दलचेच सगळ्यात जास्त होते आणि बऱ्याच जणींच्या बोलण्यात भीती होती, म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून आज हेच घेतेय.

प्रश्न : वय ३१, दोन मुलं आहेत. तीन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. यावेळी पाळी १२ दिवस लांबलीये आणि कालपासून डाव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय. सासूबाई म्हणतात ऑपरेशन झालेल्या बाईला काही होत नसतं, उष्णतेनं लांबली असेल. टेस्ट करू का?

ताई, हे वाचत असाल तर आजच करा, उद्यावर टाकू नका. मेडिकलमध्ये किट मिळतं, आशाताईंकडे सरकारी निश्चय किट फुकट मिळतं, सकाळच्या लघवीवर केलं तर जास्त बरं पण दुखत असताना सकाळची वाट बघत बसायची गरज नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी सोनोग्राफी. निगेटिव्ह आली तरी दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, ते रक्ताची बीटा एचसीजी (दिवस राहिलेत का ते दाखवणारी तपासणी) करून बघतील.

एवढी घाई का करतेय ते सांगते. ऑपरेशननंतर दिवस राहणं मुळात क्वचितच होतं, पण राहिलेच तर साधारण तीनातली एक प्रेग्नन्सी गर्भपिशवीत न राहता नळीत, म्हणजे बीज अंडाशयाकडून पिशवीत आणणाऱ्या आणि ऑपरेशनमध्ये बंद केलेल्या वाटेत, राहते. बंद केलेल्या नळीत कधी कधी बारीकशी फट राहते, त्यातून शुक्रजंतू वर जातात पण फळलेलं बीज खाली पिशवीपर्यंत येऊ शकत नाही, तिथंच अडकतं आणि वाढायला लागतं. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो आणि बाईच्या जिवावर बेततं. एका बाजूला दुखणं, थोडं थोडं डागासारखं रक्त जाणं, चक्कर, घाम, खांद्यात विचित्र कळ, यातलं काही झालं तर टेस्टची सुद्धा वाट न बघता जिथं ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे अशा हॉस्पिटलला जायचं आणि पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हेच बोलायचं की माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय आणि पाळी चुकलीये.

सासूबाईंचा हेतू वाईट नाही, त्यांना तेच सांगितलं गेलं असणार. पण सरकारी संमतीपत्रावर तुम्ही सही केली त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की ऑपरेशन फेल जाऊ शकतं आणि पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत येऊन दाखवा. तो कागद वाचून दाखवायचं काम आमचं, आणि गर्दीच्या कॅम्पमध्ये नेमकं तेच राहून जातं याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : शंभर टक्के गॅरंटी आहे की नाही एवढंच सांगा. दुसरी डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, तेव्हाच करून घेऊ की नंतर दुर्बिणीतून?

शंभर टक्के नाही, पण खूप भरवशाचं आहे. हजार बायकांचं ऑपरेशन केलं तर पहिल्या वर्षात साधारण पाच जणींना दिवस राहतात. तुलनेसाठी सांगते, लोक प्रत्यक्षात जशा वापरतात तशा गोळ्या वापरल्या तर वर्षाला हजारात ७० आणि निरोधला १३० च्या आसपास जणींना राहतात. म्हणजे फरक केवढा मोठा आहे बघा.

पण पहिलं वर्ष पार पडलं की धोका संपला असं नसतं, हे फार कमी जणींना माहीत असतं. अमेरिकेत दहा हजारांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला क्रेस्ट नावाचा अभ्यास १९९६ मध्ये छापून आला, त्यात दहा वर्षांत मिळून हजारात १८-१९ जणींना दिवस राहिलेले दिसले. पद्धतीप्रमाणे आकडे वेगळे होते, डिलिव्हरीनंतर लगेच नळीचा तुकडा काढून बांधलेल्यांत हजारात ७-८, आणि दुर्बिणीतून नळी आवळून बंद करणारी रिंग टाकलेल्यांत १७-१८. कमी वयात ऑपरेशन झालेल्यांत फेल जाण्याचं प्रमाण जास्त होतं, कारण सरळ आहे, त्यांची बीज तयार होण्याची वर्षं जास्त उरलेली असतात.

म्हणून तुमचा निर्णय पक्का असेल तर डिलिव्हरीनंतर सात दिवसांच्या आत छोट्या टाक्याचं किंवा सिझर झालं तर त्यातच करून घेणं चांगलं. दुर्बिणीचं बाळंतपणानंतर लगेच करत नाहीत. फक्त एक, आधीच्या महिन्यातच शांतपणे ठरवा, कळा सुरू असताना कुणी सही मागितली म्हणून नको, आणि बाळ आलं की त्याची तब्येत बघून मग हो म्हणा.

प्रश्न : माझ्या बायकोचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं आणि आता ती दोन महिन्यांची गरोदर आहे. डॉक्टरनं नीट केलं नाही का? घरात लोक नको नको ते बोलतायत. आम्हाला मूल नकोय, पुढं काय करायचं?

दादा, आधी घरातल्या बोलण्याचं. ऑपरेशन फेल जातं हे सरकारला मान्य आहे, कोर्टाला मान्य आहे, वर आकडे दिलेत. त्यामुळं बायकोवर संशय घ्यायला काहीच आधार नाही आणि हे तुम्हीच सगळ्यांसमोर ठामपणे बोलायला पाहिजे, तिनं स्वतःची सफाई देत बसायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.

आता का झालं असेल. कधी रिंग नळीऐवजी शेजारच्या तशाच दिसणाऱ्या लिगामेंटवर (पिशवीला धरून ठेवणाऱ्या दोरीसारख्या बंधावर) बसते, ती चूक. कधी सगळं बरोबर करूनही कापलेली टोकं आपोआप जुळतात किंवा तिथं बारीक वाट तयार होते, यात कुणाचीच चूक नसते. आणि काही जणींना ऑपरेशनच्या दिवशीच गर्भ राहिलेला असतो पण टेस्टमध्ये येण्याइतका झालेला नसतो, तुमच्याकडं दीड वर्ष गेलंय म्हणजे ते कारण नाही. हे टाळायलाच तर पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत ऑपरेशन करायचा नियम आहे.

सुप्रीम कोर्टानं दोन्ही बाजू बघितल्यात. हरियाणातल्या एका केसमध्ये एकच नळी बंद केली आणि दुसरीला हातच लावला नव्हता, तिथं २००० मध्ये सरकारला भरपाई द्यायला लावली. पण पंजाबच्या केसमध्ये २००५ ला कोर्टानं सांगितलं की नुसते दिवस राहिले म्हणून डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही.

कोर्टात न जाताही पैसे मिळतात हे मात्र नीट वाचा. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात किंवा सरकारमान्य खाजगी हॉस्पिटलमध्ये झालं असेल तर २०१३ पासूनच्या सरकारच्या इंडेम्निटी (नुकसानभरपाई) योजनेत फेल गेलेल्या ऑपरेशनला भरपाई आहे. सुरुवातीचा आकडा ३० हजार होता, आत्ताची रक्कम प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. दिवस राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, त्यामुळं ऑपरेशनचं सर्टिफिकेट, सोनोग्राफीचा रिपोर्ट, संमतीपत्राची कॉपी आजच शोधून एका फाइलीत लावा.

मूल नको असेल तर गर्भपात कायदेशीर आहे. गर्भनिरोधक साधन फेल जाणं हे कायद्यातच मान्य कारण आहे, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि बायको सज्ञान असल्यानं फक्त तिची सही लागते. दोन महिने म्हणजे अजून वेळ आहे पण लांबवू नका, आणि त्याआधी सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे ना ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं, वर त्या ताईंना सांगितलं त्याच कारणासाठी.

प्रश्न : ऑपरेशननंतर ताकद जाते, पाळी जास्त जाते, अंग सुटतं असं शेजारणी सांगतात. खरंय का?

नाही. हार्मोन अंडाशयात तयार होतात, त्यांना आपण हात लावत नाही, फक्त नळीची वाट बंद करतो. गोळ्या खाणाऱ्यांची पाळी गोळ्यांमुळं कमी जात असते, ऑपरेशननंतर त्या थांबवल्या की मूळची पाळी परत येते आणि दोष ऑपरेशनला लागतो. तरी पाळी खरंच जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून कारण शोधा, ऑपरेशनवर ढकलून सोसत बसू नका.

प्रश्न : वय २३, दोन मुली, धाकटी सात महिन्यांची. घरचे म्हणतात आता ऑपरेशन करून टाक. पुढं वाटलं तर परत उघडता येतं ना?

उघडता येईल या भरवशावर करणार असाल तर करू नका. नळी जोडायचं ऑपरेशन असतं, पण ते मोठं आहे, नळी किती उरलीये त्यावर सगळं अवलंबून, आणि जोडल्यावर नळीत गर्भ राहायचा धोका वाढतो. त्याच क्रेस्टच्या अभ्यासात तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्यांत पाचातल्या एकीला पुढं पश्चात्ताप झाला होता, तिशीनंतर केलेल्यांत तेच प्रमाण शंभरात सहाच्या आसपास. तुमच्या मनात "पुढं वाटलं तर" आहे, म्हणजे निर्णय अजून तुमचा झालेला नाही.

सध्या तांबी बसवा. ३८०ए तांबी दहा वर्षं चालते, पहिल्या वर्षात हजारात आठच्या आसपास जणींना दिवस राहतात म्हणजे ऑपरेशनच्या बरीच जवळ, आणि नको वाटली की काढली. तांबी मानवत नसेल तर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी, हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आणि काही वर्षांनी दोघांनाही नकोच असं ठरलं तर नवऱ्याच्या ऑपरेशनचा विचार आधी करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात लग्न झालेल्या ३८ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुरुषांचं ०.३ टक्के. पुरुषाचं बिनटाक्याचं असतं, जागा बधिर करून होतं, पोट उघडायला लागत नाही, आणि पहिल्या वर्षात फेल जायचं प्रमाण हजारात एक-दोन. फक्त ते लगेच लागू होत नाही, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून त्यात शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट आला की मगच निरोध सोडायचा.