वाचकांचे प्रश्न: स्पर्धा तोंडावर, टी-शर्ट अजून कोरेच

प्रश्न: आमच्या संस्थेची धावण्याची स्पर्धा दहा दिवसांवर आली आहे. ३०० ड्राय-फिट टी-शर्ट हवेत. पुढे चार रंगांचे बोधचिन्ह, पाठीवर प्रायोजकांची नावे. तीन छपाईवाले तीन पद्धती सुचवतात. कोणती धरावी?

उत्तर: तुमचा आकडा आणि मुदत पाहता डीटीएफ, म्हणजे ‘डायरेक्ट टू फिल्म’. यात चित्र आधी फिल्मवर छापतात, ओल्या शाईवर चिकट पावडर पसरून ती वितळवतात आणि मग हीट प्रेसने कापडावर उतरवतात. रंग चार असोत की चाळीस, वेळ तोच. स्क्रीन प्रिंटिंगला रंगागणिक एक स्क्रीन, म्हणजे शाई गाळणारी जाळीची चौकट, लागते. कापड गडद असेल तर खाली पांढरा थर हवा, म्हणजे तुमच्या बोधचिन्हाला पाच स्क्रीन. त्या तयार करण्यात आणि एकमेकींशी जुळवण्यातच बराच वेळ जातो. स्वयंसेवकांसाठी एका रंगात हजार टी-शर्ट हवे असते, तर मात्र स्क्रीनच सांगितली असती. सब्लिमेशनमध्ये, म्हणजे उष्णतेने रंग कापडातच मुरवण्याच्या पद्धतीत, पांढऱ्या पॉलिएस्टरचे पुढचे-मागचे भाग छापून मग शिवतात. छपाई पटकन होते, पण शिलाईची रांग हलत नाही. दहा दिवसांत त्या वाटेला जाऊ नका.

आता हिशेब. फिल्मचा रोल बहुधा ६० सेंमी रुंद असतो. चित्र २८ बाय २० सेंमी धरले तर रुंदीत दोन बसतात. कापायला एक सेंमी सोडून ३०० चित्रांना साधारण ३२ मीटर फिल्म लागेल. बिघडणाऱ्यांसाठी वर दोन मीटर धरा. पाठीमागची फिल्म वेगळी. प्रेसवर टी-शर्ट मांडायचा, पाच सेकंद नुसता दाबून ओल काढायची, फिल्म ठेवून १५० अंश सेल्सिअसच्या आसपास १० ते १५ सेकंद दाबायचे, फिल्म सोलायची, पुन्हा पाच-दहा सेकंद दाबायचे. एका बाजूला मिनिटभर जाते. दोन्ही बाजू मिळून ६०० मिनिटे, म्हणजे एका प्रेसवर हात न थांबता दहा तास. ‘होऊन जाईल’ हे उत्तर घेऊ नका. प्रेस किती, त्यावर माणसे किती आणि तुमच्या आधी कोणाचे काम लागले आहे, हे विचारा. फिल्म गरम असताना सोलायची आहे की गार झाल्यावर, हेही विचारा. गार सोलायची असेल तर टी-शर्ट पसरून ठेवायला जागा लागते आणि वेग घटतो. अशी फिल्म घाईत गरमच ओढली की अक्षरांच्या कडा उचलल्या जातात.

खरी अडचण मात्र छपाईत नसते, कोऱ्या मालात असते. हव्या त्या रंगात, हव्या त्या मापात ३०० नग एकाच लॉटचे मिळतील का, हे बोधचिन्हावर चर्चा करत बसण्याआधी पाहा. दोन लॉटमधला निळा सारखा नसतो. माल आला की त्याच दिवशी मापानुसार मोजून घ्या. आणि एक नमुना त्याच कापडावर, त्याच आकारात काढून सहीनिशी मान्य करा. मोबाइलवरचे चित्र पाहून दिलेली मान्यता मान्यता नव्हे.

धावणाऱ्यांसाठी आणखी एक. छातीवर २८ सेंमीचा भरीव चौकोन छापला तर तेवढ्या भागातून घाम बाहेर पडत नाही आणि पोहे सुकल्यासारखा तो भाग कडक लागतो. पार्श्वभूमी काढून टाका. अक्षरे आणि रेषा सुट्या ठेवा. प्रायोजकांना भरीव पट्टी आवडते, पण टी-शर्ट त्यांना घालायचा नसतो.

प्रश्न: लाल पॉलिएस्टरवर छापलेली पांढरी अक्षरे दोन दिवसांत गुलाबी झाली. शाई खराब होती का?

उत्तर: शाईचा दोष नाही. पॉलिएस्टर ज्या रंगाने रंगवतात, तो उष्णतेने वायुरूप होऊन वरच्या शाईत शिरतो. लाल, मरून आणि गडद निळ्यावर हे जास्त होते. प्रेस जितकी तापवाल आणि जितका वेळ दाबाल तितका धोका अधिक. घातक गोष्ट अशी, की छापताना अक्षरे पांढरीशुभ्र दिसतात आणि रंग नंतर, गठ्ठ्यात बांधल्यावर चढतो. उपाय तीन: कमी तापमानाला, १३० अंशांच्या आसपास वितळणारी पावडर वापरणे, रंग अडवणारा राखाडी किंवा काळा थर खाली घेणे, छापलेले टी-शर्ट गरम असताना एकावर एक न रचणे. प्लास्टिसोल (तापवून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) शाईने स्क्रीन छपाई करत असाल तर नेहमीची शाई १६० अंशांना पिकते, ती इथे नको. कमी तापमानाची घ्या. नमुना उबदार जागी रात्रभर ठेवूनच पुढचे काम सुरू करा. गुलाबी झालेले परत पांढरे होत नाही.

प्रश्न: खेळाडूंच्या जर्सीवर मराठीत नावे आणि क्रमांक टाकायचे आहेत. व्हिनाइल (उष्णतेने चिकटणारा रंगीत प्लास्टिकचा पातळ ताव) घरीच कापणार आहोत. काय सांभाळावे?

उत्तर: नावांची यादी एकाच फाइलमध्ये, एकाच माणसाकडे ठेवा. संघ, क्रमांक, नाव, माप असे चार रकाने पुरतात. संदेशांतून येणाऱ्या दुरुस्त्या थेट मशीनवाल्याकडे गेल्या की गोंधळ झालाच समजा.

देवनागरीला कटरवर विशेष काळजी लागते. शिरोरेषा अक्षरागणिक वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढते. तसेच कापायला दिले तर पाते प्रत्येक सांध्यावर चीर पाडते. म्हणून नाव आधी कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या रेषाकृतीत, बदला आणि सगळी अक्षरे ‘वेल्ड’ करून एकसंध बाह्यरेषा करा. अनुस्वाराचा टिंब सुटा राहतो. तो चार-पाच मिमीपेक्षा लहान असेल तर व्हिनाइल सोलताना हमखास निघून जातो. कर्व्ह केल्याचा दुसरा फायदा: समोरच्या संगणकावर तो फाँट नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत. कर्व्ह केल्यानंतरच नावे यादीशी ताडून पाहा, आधी नाही. आणि कापण्यापूर्वी ‘मिरर’, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे, केले का, ते बघा.

क्रमांकांसाठी अंक आधीच कापून ठेवता येतात. १ ते २० क्रमांकांच्या एका संघाला ३१ अंक लागतात: त्यांत ‘१’ बारा, ‘२’ तीन आणि बाकीचे प्रत्येकी दोन. सगळे अंक सारख्या संख्येने कापले की ‘१’ संपतात आणि ‘७’ उरतात. मोठ्यांच्या जर्सीवर पाठीचा अंक २० ते २५ सेंमी उंच ठेवा, पण आधी स्पर्धेच्या नियमावलीत किमान उंची दिली आहे का ते वाचा.

प्रश्न: मापे मागवली तरी वाटपाच्या वेळी अदलाबदलीची झुंबड उडते.

उत्तर: नोंदणीत ‘एम की एल’ विचारू नका, प्रत्येक उत्पादकाचा एल निराळा. टी-शर्ट सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा: २० इंच आले तर घेर ४० इंच. हा तक्ता नोंदणीअर्जातच द्या आणि घरातला बसणारा टी-शर्ट असाच मोजायला सांगा. जादा नग पाच ते दहा टक्के घ्या आणि त्यांतले बहुतेक मोठ्या मापांत घ्या. सैल टी-शर्ट माणूस कुरकुरत घालतो, घट्ट शिरतच नाही. लहान मुलांच्या गटाला मात्र वेगळाच माप-संच लागतो.

प्रश्न: १५० टोप्यांवर भरतकाम चार दिवसांत होईल का?

उत्तर: टाके मोजा. ८००० टाक्यांचे चिन्ह मिनिटाला ७०० टाक्यांच्या गतीने साडेअकरा मिनिटे घेते. टोपी चढवणे-उतरवणे आणि दोरा तुटणे धरून एका डोक्याच्या (एका वेळी एकच टोपी भरणाऱ्या) मशीनवर तासाला चार. म्हणजे जवळजवळ ३८ तास. सहा डोक्यांच्या मशीनवर एका दिवसात उरकते. तसे मशीन मिळत नसेल तर तयार पॅच टोपीच्या प्रेसवर चिकटवा. देवनागरी अक्षर आठ मिमीपेक्षा लहान ठेवू नका. वेलांट्या आणि मात्रा दोऱ्यात बुडतात.

प्रश्न: पदके राहूनच गेली! पाच दिवस उरले आहेत.

उत्तर: ओतीव धातूचे पदक विसरा, साचा, ओतकाम आणि मुलामा यांना तेवढे दिवस पुरत नाहीत. मधोमध गोल खाच असलेली तयार पदके मिळतात. खाचेत छापील स्टिकर बसतो. त्यावर रेझिनचा फुगीर थेंब हवा असेल तर तो घट्ट व्हायला दिवसभर धरा, आणि तोवर स्टिकर अगदी समतल जागी राहू द्या, नाहीतर थेंब एका कडेला सरकतो.

दुसरा पर्याय ॲक्रिलिकचा. ३ मिमी जाडीच्या चार फूट बाय दोन फूट तुकड्यातून ७० मिमी व्यासाची पदके, मध्ये ५ मिमी सोडून, १२८ निघतात. लेझरने कापताना वरची संरक्षक फिल्म राहू द्या. यूव्ही छपाई (अतिनील प्रकाशाने सुकणाऱ्या शाईची) करायची त्या बाजूची तेवढी आधी काढा. कापलेल्या कडा अल्कोहोलने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे. रिबीन ८० ते ९० सेंमी लांब घ्या, म्हणजे डोक्यावरून सहज जाते. वर्ष आणि तारीख रिबिनीवर छापा, पदकावर नको. उरलेली पदके पुढच्या वर्षी नुसती रिबीन बदलून चालतात.

प्रश्न: छपाई सुरू झाल्यावर नवा प्रायोजक आला. नाही म्हणणे शक्य नाही.

उत्तर: झालेल्या टी-शर्टांना हात लावू नका. त्याचे चिन्ह नऊ सेंमी रुंदीत स्वतंत्र फिल्मवर घ्या. ६० सेंमीच्या रोलमध्ये एका ओळीत सहा बसतात. जागा उजव्या बाहीची, म्हणजे प्रेसला एक वेगळी फेरी. पूर्वीच्या छपाईवर प्रेसची तापलेली प्लेट पुन्हा येणार नाही असा टी-शर्ट मांडा, आणि या फेरीचा जादा खर्च प्रायोजकाला आधीच कळवा. चिन्हाची फाइल कर्व्ह केलेली पीडीएफच मागा. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवतात. तो छापायला घेऊ नका.