त्याला माफी मिळाली, याचा मला राग का आला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : 'मी कधी उपासना चुकवली नाही, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दिला, व्यसन नाही. आयुष्यभर वाटेल तसा वागलेला माणूस शेवटी पश्चात्ताप करतो आणि त्यालाही तेच तारण, पापातून तीच सुटका! मग माझ्या चांगुलपणाला किंमत काय?'

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि तोही भर उपासनेत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकाने निधीतले पैसे वापरले होते. उघडकीला आलं, त्याने पैसे भरले, सगळ्यांपुढे माफी मागितली. काही महिन्यांनी पाळकांनी (आमच्या धर्मगुरूंनी) त्याला शास्त्रवाचनाला उभं केलं, तर मी बायबल मिटून बसलो. खरं सांगतो, पैसे गेले तेव्हा मी एवढा चिडलो नव्हतो.

बायबलमधल्या योना या संदेष्ट्याचं असंच झालं होतं. देवाने त्याला निनवेला इशारा द्यायला धाडलं, तर तो उलटा पळाला आणि वाटेत माशाने त्याला गिळलं. त्याचं नाव निघालं की लोक माशापाशीच थांबतात, पण खरी मेख त्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. निनवे हे अश्शूरांचं शहर. याच अश्शूरांनी इ. स. पू. 722 च्या सुमारास राजधानी शोमरोन घेऊन इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. तेव्हा निनवेबद्दलचा राग काही उगीच नव्हता. ते शहर पश्चात्ताप करतं, देव नाश टाळतो आणि संदेष्टा भडकतो : तू कृपाळू, मंदक्रोध, दयेने भरलेला देव आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणून तर मी दूर तार्शीशला पळालो! शब्द स्तुतीचे, सूर तक्रारीचा. शिवाय हे शब्द योनाचे स्वतःचेही नाहीत. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात देवाने इस्राएलचा पुढारी मोशे याला स्वतःची ओळख याच शब्दांत करून दिली होती, आणि तीही कधी? इस्राएल लोक देव म्हणून घडवलेल्या सोन्याच्या वासरापुढे नाचून मोकळे झाल्यावर. ज्या दयेवर योनाचे पूर्वज तगले, तीच शत्रूच्या दारी गेली तर याला सलली.

आता चांगुलपणाचं. लूकच्या शुभवर्तमानात 18 व्या अध्यायात येशूच्या गोष्टीतला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. प्रवचनात त्याला हमखास ढोंगी ठरवतात; मला ते पटत नाही. तो खोटं बोलतोय असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. उपास खरे, दशांशही खरा. फक्त प्रार्थना देवाशी चाललेली असताना त्याचा एक डोळा मागे उभ्या असलेल्या, लोकांनी पापी ठरवलेल्या जकातदारावर आहे. (आणि ही गोष्ट वाचून 'बरं झालं, मी त्या परूश्यासारखा नाही' असं मनात येतंच. माझ्याही आलं होतं.)

तुमची उपासना, तुमचा दशांश वाया गेला असं मी म्हणणार नाही. ते मजुरी म्हणून मोजायला घेतलं की मात्र हिशेब फिसकटतो. याच मुद्द्यावरून 16 व्या शतकात चर्च दुभंगलं. 1999 साली ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लूथरला मानणारे प्रोटेस्टंट) यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या : देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, त्याच्या पुण्याईकडे बघून नाही, सत्कृत्यं त्या कृपेमागून येतात. लूकमधल्याच जक्कय या जकातदाराचं बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, आणि मग तो लुबाडलेलं चौपट परत करायला निघतो. म्हणजे माफी मिळाली म्हणून भरपाई सुटली, असं नाही.

तुम्हाला मात्र मी येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या मुलाचा थोरला भाऊ पुन्हा वाचायला सांगेन. धाकटा बापाचा पैसा उधळून परत आला, बापाने मेजवानी दिली, आणि थोरला चिडला. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो तो, 'माझा भाऊ' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. पण तो रुसून बाहेर उभा राहिला तेव्हा बाप मेजवानी सोडून त्याचीही मनधरणी करायला अंगणात आला, हे माझ्या कितीतरी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. तो आत गेला की नाही, येशूने सांगितलेलं नाही. योनाचं पुस्तकही देवाच्या प्रश्नावरच संपतं : एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या या शहराची मी कीव करू नये काय?

आमच्याकडे तो माणूस अजून वाचन करतो. मी आता बायबल मिटत नाही. पण एखाद्या रविवारी त्याचा आवाज ऐकताना ती रक्कम आठवतेच, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.