स्लीव्ह सर्जरीनंतर वजनाचं टार्गेट किती ठेवावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की उंची 160 सेंटिमीटर, ऑपरेशनच्या वेळी वजन 118, अडीच महिन्यांत 101 वर आलं आणि गेले तीन आठवडे काटा तिथंच अडकलाय. शुगर आहे, गुडघे दुखतात आणि घरच्यांनी वर्षभरात 60 चा आकडा धरलाय. मी डॉक्टर नाही. पण चार-पाच वर्षांपूर्वी इथं कोल्हापुरातच माझी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून पोट लहान करायचं ऑपरेशन, झाली, त्या अनुभवावरनं सांगते: 60 आजच डोक्यातनं काढून टाका.

हा 60 आला कुठनं, तर उंची-वजनाच्या तक्त्यातनं. आपल्याकडं बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) 23 पर्यंत ठीक धरतात, त्या हिशेबानं तुमच्या उंचीला 59 किलो येतात. पण ज्यांचं वजन 118 होतं त्यांचं ऑपरेशननंतर किती उतरेल, हे तो तक्ता सांगत नाही. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण मूळ वजनाच्या 25 ते 30 टक्के उतरतं. 118 चे 25 टक्के म्हणजे साडेएकोणतीस, 30 टक्के म्हणजे पस्तीस. म्हणजे तुम्ही 83 ते 88 च्या आसपास थांबाल. डॉक्टर आणखी एक हिशेब मांडतात. बीएमआय 25 ला तुमचं वजन 64 हवं, म्हणजे जादा वजन 54 किलो. त्यातलं 60 टक्के गेलं तर 32 किलो, आणि काटा 86 वर. दोन्हीकडनं मांडलं तरी उत्तर तिथंच येतं. काहींचं याहून जास्त उतरतं, काहींचं कमी, म्हणून एकच आकडा न धरता 83 ते 88 हा पट्टाच धरा. 86 ला तक्ता तुम्हाला लठ्ठच म्हणेल. म्हणू दे. तुम्ही 118 वरनं आलाय हे त्याला माहीत नाही.

आणि अडीच महिन्यांत 17 किलो हे अजिबात कमी नाही. जादा वजनातलं जवळजवळ तिसरा हिस्सा गेलं. काटा अडकणं हे बहुतेक सगळ्यांचं होतं. सुरुवातीला जे भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं: शरीरात साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्याबरोबरचं पाणी निघून जातं. पुढं शरीर सावरतं, थोडं पाणी परत धरतं, आणि चरबी उतरत असली तरी काट्यावर दिसत नाही. या दिवसांत टेप काढून कंबर मोजा. माझा काटा अडकला होता तेव्हा टेलरनं ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी टीप मारून दिली होती, आणि पंधरवड्यानं तोच ब्लाऊज परत सैल. रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातनं एक वार ठरवा, सकाळी पोट साफ झाल्यावर, तेच कपडे घालून. पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढलेलं दिसतं, त्याला घाबरू नका. पाच-सहा आठवडे झाले तरी काटा आणि टेप दोन्ही हलले नाहीत, तर खाण्याची वही डाएटिशियनला दाखवा.

पाहुण्यांच्यात कुणीतरी म्हणणारच, अमक्याची सून सहा महिन्यांत 40 किलो उतरली. तिचं मूळ वजन किती होतं, स्लीव्ह होती का गॅस्ट्रिक बायपास (वजनाचंच दुसरं ऑपरेशन), वय काय, हे कुणी सांगत नाही. दीडशेवरनं 40 उतरणं आणि 118 वरनं 40 उतरणं यात फार फरक आहे.

माझं कळकळीचं म्हणणं हे की काट्याचं टार्गेट तुमच्या हातात नसतं, ताटाचं असतं. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं, हे पहिलं टार्गेट लावा. ऐकायला सोपं, पण एवढ्याशा पोटात बसवायला अवघड. एका अंड्यात 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, तेवढ्याच शिजलेल्या चिकनमध्ये 25 च्या वर. म्हणून जेवताना प्रथिनं आधी, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, अशक्तपणा येतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात ते बहुतेकांचे गळतातच, पण प्रथिनं आणि लोह कमी असेल तर जास्त.

कोल्हापुरात खरी पंचाईत पातळ पदार्थांची आहे. स्लीव्हमध्ये घट्ट खाणं थांबतं, पातळ आणि भुसभुशीत मात्र सरळ सरकतं. मटणाच्या ताटात आपण समजतो की रश्शानं काय होतंय. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस; तांबड्यावर तेलाचा तवंग. दोन वाट्या रस्सा आरामात जातो आणि सुक्कं मटण, ज्यात प्रथिनं आहेत, ते ताटातच राहतं. मी उलटं करते: आधी सुक्क्याचे चार तुकडे सावकाश चावून, मग पांढऱ्याचे दोन घोट चवीला. मिसळीचा कट, उसाचा रस, गंगावेशच्या दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध, रंकाळ्यावरचं आइस्क्रीम, संध्याकाळचं भडंग, या सगळ्यांचं तेच. कायमचं सोडा असं म्हणणार नाही, पण काटा अडकला की आधी इथं बघा. आणि जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास नको. इतर वेळी घोटघोट पीत राहा.

चालण्याचं टार्गेटही काट्याशी बांधू नका. आधी रंकाळ्याच्या काठानं झेपेल तेवढं, मग विद्यापीठाच्या आवारात थोडा चढ. डॉक्टरांनी परवानगी दिली की हलके वजनाचे व्यायाम सुरू करा, स्नायू टिकवायला त्याचा मोठा आधार होतो. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. तुमचे 17 उतरलेत, हिशेब करून बघा. शुगरला तर मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी फरक पडतो, आणि तुम्ही 14 टक्के ओलांडलेत. मात्र शुगर खाली येतीय म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका; नोंदी दाखवून डोस डॉक्टरांकडनंच कमी करून घ्या. माझं स्वतःचं एक टार्गेट होतं, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत न बसता उभं राहायचं. ते पूर्ण झालं त्या वर्षी माझं वजन तक्त्यापेक्षा खूपच जास्त होतं, पण तो आनंद मला अजून पुरतोय.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. सर्वांत खालचा आकडा बहुधा वर्ष ते दीड वर्षात येतो, आणि त्यानंतर बहुतेकांचं थोडं परत चढतं. टेलर शिलाईत माया सोडतो तशी टार्गेटमध्येही चार-पाच किलोंची माया सोडा. माझं 112 होतं, 79 पर्यंत गेलं, आता 83-84 वर स्थिर आहे. मी त्याला अपयश मानत नाही आणि माझे डॉक्टरही मानत नाहीत. पण पाचाचे दहा व्हायला लागले तर लाजून घरी बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

मल्टिव्हिटॅमिन, बी12, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या आता जन्मभरच्या, आणि रक्ताच्या तपासण्याही. वजन मनासारखं उतरलं म्हणून त्या थांबवू नका. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेही विचारून घ्या. आणि उलट्या होत राहिल्या, पाणीही टिकेना, तर काट्याचं बाजूला ठेवून त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा.