एका वर्षाचे आवर्तन

फोंडा,
आषाढ अमावास्या

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सोमवारी मिळाले. मैफली वाढल्या आहेत, मुलांना घेऊन कुठे जाणे होत नाही, आणि तुकोबांच्या अभंगांना स्वतःच्या चाली लावण्याचे जे काम तू चैत्रात हाती घेतलेस ते तिसऱ्या अभंगावर अडले आहे, असे तू लिहितेस. दिवसाचे तीन सारखे भाग करून पाहिले, तेही साधले नाही, म्हणून स्वतःलाच बोल लावतेस. तो बोल लावून घेऊ नकोस. गाणाऱ्या बाईचा दिवस सारखा वाटला जात नाही. वर्ष मात्र वाटता येते, आणि आपल्या गोव्यात तर देवळांच्या उत्सवांनी ते आधीच वाटून ठेवले आहे.

कार्तिकात मडकईच्या नवदुर्गेची जत्रा, पौषात फातर्पा, माघात मंगेशी आणि कवळे, फाल्गुनात शिगमो आणि जांबावलीचा गुलाल. हे चार-पाच महिने तुझ्या गळ्याचे आहेत. या काळात नवी चाल सुचली नाही तर हळहळू नकोस. आहे तेच रोज नीट गा आणि वेळेवर झोप. वैशाखात शिरगावची लईराईची जत्रा पार पडली की मे महिना मुलांचा. पाऊस लागला की तुझ्या वहीचा काळ सुरू होतो, तो गणेशचतुर्थीपर्यंत, म्हणजे आपल्या चवथीपर्यंत. चवथ घरची. त्या दिवसांत बाहेरची तारीख घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण मुलांना आरतीत घुमट हे मातीचे वाद्य वाजवायला मिळते ते तेव्हाच. (२०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले, याचा मला फार आनंद झाला. आता त्यावर घोरपडीऐवजी बकऱ्याचे कातडे असते. नाद थोडा वेगळा येतो, पण मुलांच्या हाताला तो पुरेसा आहे.)

मुलांविषयी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिला तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ दाखवायचे मी कबूल केले होते. आदल्या दिवशी एका जत्रेचे बोलावणे आले, ते मी घेतले, आणि तिला बरोबर नेऊन हीच आपली सहल असे तिला सांगितले. रात्री दीड वाजता रंगमंचामागच्या खोलीत आले तेव्हा ती तंबोऱ्याच्या गवसणीवर डोके ठेवून झोपली होती आणि पायातले बूटसुद्धा तिने काढले नव्हते. आज ती चाळिशीत आहे. त्या वर्षाचे काय आठवते असे विचारले तर ती त्या खोलीतल्या निळ्या दिव्याविषयी बोलते. म्हणून सांगते, कार्यक्रमाला जोडून केलेली सहल ही सहल धरू नकोस. वर्षाची डायरी हाती आली की आयोजकांचे फोन सुरू होण्याआधी मुलांच्या तारखा शाईने लिही. नंतर कोणी ती तारीख मागितली तर ‘ती दिली आहे’ एवढेच उत्तर दे. ते खरेच असेल.

कुठे न्यावे, हेही तू विचारतेस. यंदाचा मे गेला, पण पुढच्या मे महिन्यात त्यांना कुर्डीला ने. साळावलीच्या धरणाखाली गेलेले हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. घरांची जोती, वाळलेल्या चिखलाला पडलेल्या भेगा आणि सोमेश्वराचे देऊळ दिसते, आणि विस्थापित झालेली माणसे त्या दिवसांत तिथे उत्सवासाठी जमतात. मुलांना चिखलातून चालू दे, जुन्या खापऱ्या गोळा करू दे, विहीर कुठे होती ते शोधू दे. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, जन्म १९०४ चा. मुलांना वाढवत त्यांनी जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम पचवली, आणि त्यांच्या घरातूनच त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकर घडल्या. हे तू मुलांना तिथे सांगितलेस तर सांग. नाही सांगितलेस तरी चालेल. तिथे गायला मात्र बसू नकोस.

आता अडलेल्या अभंगाकडे येते, कारण पत्राचा खरा विषय तोच आहे असे मला वाटते. तू पाठवलेले ध्वनिमुद्रण मी चार वेळा ऐकले. मुखडा चांगला आहे. अंतरा अडतो, कारण तू चारही चरण सारखेच भरून काढतेस. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते आणि चौथा एकटा पडतो. भजनी ठेका आठ मात्रांचा आहे, म्हणजे साधारण अक्षराला एक मात्रा धरली तर पहिल्या तीन चरणांत तुला दोन मात्रांची सवड मिळते आणि चौथ्यात चारांची. या चार मात्रा तू तानेने भरतेस. त्या मोकळ्या ठेव, शेवटच्या अक्षरावर स्वर लांबव, टाळ ऐकू येऊ दे, आणि मग समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, मुखडा घे. मी स्वतः पेटीवर असे करून पाहिले. चाल लगेच बसली.

पावसाळ्यात वाद्ये त्रास देतील, त्याची तयारी ठेव. दमट हवेने तबल्याच्या पुडीचा स्वर उतरतो, दर अर्ध्या तासाला हातोडी घ्यावी लागते. पेटीची पट्टी फुगून दबलेली राहते. माझी पेटी कपाटात असते आणि आत एक छोटा बल्ब जळत ठेवते. पण या दिवसांत तुला फक्त तंबोरा आणि वही लागणार आहे. मुले उठण्याआधीची चाळीस मिनिटे घे. दिवसा सुचलेले, मग ते दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत सुचो की भाजी निवडताना, फोनवर गुणगुणून ठेव आणि दुसऱ्या सकाळी भातखंडे स्वरलिपीत उतरव. लिहिताना जे टिकत नाही ते सोडून दे. नवी चाल आधी गावच्या देवळातल्या गुरुवारच्या भजनात गा. तिथे झांज वाजवणाऱ्या माणसांचे हात ज्या ओळीला आपोआप बरोबर पडतात ती ओळ खरी. ज्या ओळीला ते थबकतात तिथे तुझ्या चालीत काही अवघड राहिले आहे. माघापर्यंत पाच अभंग झाले तरी पुष्कळ आहेत. मैफलीत मध्यंतराआधी त्यांतला एकच ठेव, मध्यंतरानंतर दुसरा.

तुझ्या यजमानांनाही हे पत्र वाचायला दे. जत्रांच्या महिन्यांत घरचा भार त्यांच्यावर जास्त पडणार आणि पावसात तो तुझ्याकडे येणार, हे दोघांनी कार्तिकाआधी एकत्र बसून ठरवलेले बरे.

नागपंचमी झाली की मी वास्कोला दामोदराच्या सप्ताहाला जाईन. चोवीस तास भजन चालते, पथके पाळीपाळीने येतात. मुलांना घेऊन संध्याकाळी ये, मी देवळासमोर थांबते. पेटी घरी ठेव.

तुझी,
बाई