परिचारिकेने दिवसपाळी निवडावी की रात्रपाळी?
गोव्यात पेडण्याहून बांबोळीच्या रुग्णालयात रोज ये-जा करून कोणती पाळी घ्यावी असे आपण विचारले आहे. माझा कौल दिवसपाळीला आहे. रात्री नातेवाइकांची वर्दळ नसते हे खरे, परंतु पहाटे चारच्या सुमारास सलाईनचे थेंब मोजताना आकडा दोनदा चुकला, की शरीराचे घड्याळ आपल्या बाजूने नाही हे कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्ककारक’ गटात घातले आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले. रात्रपाळी घ्यावीच लागली, तर सलग तीनपेक्षा अधिक रात्री घेऊ नयेत, परतताना स्कूटरऐवजी कदंबची बस धरावी आणि खिडकीला जाड पडदा लावावा. (दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्यावर मात्र पडद्याचा इलाज चालत नाही.)